हिरामणदादांचा हात

पेणचा, गणपतीचे डोळे आखणारा माणूस आता आपल्याकडे काचेच्या सुया करणार, असं दत्तात्रेय सरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हसले. मी बतूल, रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमीची. बी.एस्सी. झालेली, भाऊ कुवेतला, घरी आई आणि मी. मला खोटं बोलता येत नाही, ही गोष्ट रोह्यापासून नागोठण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच आवडत नव्हती. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, हिला कोण करून घेणार. कुणी करून घेतलं नाही, म्हणजे आईचा अंदाज चुकला नाही.

त्र्याण्णव साली हिरामणदादा आमच्याकडे आले. धाटावच्या रस्त्याला, केमिकल कंपन्यांच्या वासात आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. सर मुंबईतली चांगली नोकरी सोडून इथे आलेले. एकेका पेशीवर काम करणाऱ्या लोकांना लागणाऱ्या सुया परदेशातून यायच्या, उशिरा यायच्या आणि अर्ध्या वाटेत फुटून यायच्या. त्या इथे का होऊ नयेत, हे सरांचं वेड होतं. सुई म्हटलं की लोकांना इंजेक्शन आठवतं. आमच्या सुईचं टोक त्या इंजेक्शनच्या सुईच्या भोकातून सहज पलीकडे गेलं असतं. पेन्सिलीच्या शिशापेक्षा बारीक अशी काचेची नळी घ्यायची, तिच्या मध्यावर तापलेल्या तारेचं वेटोळं आणायचं. काच मऊ झाली की खाली टांगलेलं वजन तिला ओढतं आणि नळी बारीक होत होत तुटते. त्या तुटलेल्या टोकाला तोंड असतं, एका केसाच्या जाडीत दहाबारा मावतील एवढं. त्याने एकच पेशी टोचता येते, तिच्या पोटात काही सोडता येतं.

काही संशोधकांना त्याहून बारीक टोकं लागायची. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की नॅनोमीटर. ती टोकं ह्या नॅनोमीटरांच्या हिशेबातली. आमच्या सूक्ष्मदर्शकातही ती धड दिसत नसत. मिठाच्या पाण्यात बुडवून वीज सोडायची आणि ती किती अडते त्यावरून तोंड किती बारीक ते ओळखायचं. हिरामणदादांचा बाप धरमतरच्या बाजूला मिठागरात राबलेला. मिठाने बापाचे पाय खाल्ले आणि आता ते माझी परीक्षा घेतंय, असं म्हणून दादा पहिल्या दिवशी हसले. मग मीही हसले, पण ते निराळं हसू होतं.

यंत्र नुसतं नळी ओढून देतं, पुढचं सगळं हाताचं काम. टोक तिरकं घासायचं, मागे जरासा बाक द्यायचा, आणि हे सगळं भिंगातून बघत. जोरात श्वास सोडला तरी टोक हलतं. माझ्या हातून सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसता चुरा व्हायचा. दादा आधी श्वास सोडून टाकायचे आणि रिकाम्या छातीने हात चालवायचे. पेणला गणपतीची मूर्ती पूर्ण रंगवून झाली की शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात, आणि ती रेघ अशीच मारायची असते. एकदा मारली की मारली. बाबाजीशेठच्या कारखान्यात बाकीची कामं कुणीही करी, पण आखणीला हिरामणच. तो बसला की कारखान्यातला रेडिओ बंद होई. गणपतीच्या आधीचे दोन महिने सर त्यांना सुट्टी देत, नाहीतर बाबाजीशेठ रोह्याला येऊन भांडले असते.

कामावर आले त्या सकाळी दादा नारळ आणि हळदकुंकू घेऊन आले होते. यंत्राची पूजा करायची म्हणाले. सरांनी त्यांना दारातच थांबवलं आणि समजावलं, की ह्या खोलीत धुळीचा कण चालत नाही, पेशी फार नाजूक असते, आपल्याला न दिसणाऱ्या कणानेही ती मरते. दादांना ते लगेच पटलं. नारळ त्यांनी बाहेर पायरीवर फोडला, दाराबाहेरूनच हात जोडले आणि पुडी खिशात ठेवली. घरी मात्र रीत चालू होती. दरवर्षी आखणीच्या पहिल्या दिवशी चांगुणावहिनी, म्हणजे त्यांची बायको, देवापुढे त्यांचा कुंचला ठेवून त्यावर हळदकुंकू वाहायची आणि मगच तो त्यांच्या हातात द्यायची. माझा हात म्हणजे निम्मा तिचा आहे, असं दादा म्हणायचे. आम्ही त्यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली.

चांगुणावहिनी खाडीकाठच्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला मोकळ्या. मी गणपतीला त्यांच्याकडे मोदक खायला जायचे आणि ईदला त्या माझ्याकडे शिरखुर्मा खायला यायच्या. सगळं बोलायच्या, एक सोडून. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आळीतल्या बायका ओटी भरायला त्यांना टाळायच्या, बारशाला बोलवायच्या पण पाळण्यापाशी उभं राहू द्यायच्या नाहीत. सासूबाई धोंडुबाई घरातच होत्या, त्यामुळे टोमणे ऐकायला लांब जावं लागत नसे.

मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आमच्या सुया जाऊ लागल्या तेव्हा मला हा उपचार कळला. पुरुषाच्या बीजातला एकच शुक्राणू निवडायचा आणि आमच्यासारख्या सुईने तो थेट बाईच्या अंड्यात सोडायचा. मी दादांना सरळ विचारलं, आजवर तपासणी कुणाची केली? म्हणाले, तिची. आणि तुमची? ते भिंग पुसायला लागले. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याच आठवड्यात ते तपासून आले. दोष त्यांच्यात निघाला.

दुसरा कुणी असता तर कागद फाडून टाकला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा घरी गेले, ओटीवर उभे राहिले आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आईला सांगितलं, "दोष माझा हाय. आजपासून हिला कोण काय बोलला तर तो मला बोलला." मला हे वहिनींनी सांगितलं, आणि सांगताना त्या पहिल्यांदा माझ्यापुढे रडल्या. पुरुषाची जात बरी नसते असं माझं जुनं मत आहे. त्यात मला तेव्हा एक अपवाद करावा लागला.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी त्या दोघांना घेतलं. वहिनींना इंजेक्शनं सुरू झाली, पोट फुगलं, पाय सुजले. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की वय वाढलेलं आहे, अंडी कमी आहेत, ह्यांच्या शरीराला हे एकदाच झेपेल. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच खेपेला. दादांनी सरांकडे एकच मागणं केलं, की त्या दिवशीची सुई मी केलेली असू दे.

सुया नाहीतरी तेच करायचे, पण ह्या तीन सुया त्यांनी केल्या तेव्हा मी शेजारी बसले होते आणि मी इतकी गप्प कधीच बसले नव्हते. झाल्यावर मी त्या भिंगाखाली पाहिल्या. त्यांत नाव ठेवायला जागा नव्हती, आणि नावं ठेवणं हेच माझं काम होतं. भट्टीत तापवून, निर्जंतुक करून मी त्या डबीत ठेवल्या, झाकणावर डिंकाची कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर माझी सही केली. शनिवार होता. सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने त्यांना पेणहून निघायचं होतं, म्हणून डबी दादांच्या घरी गेली. दादांनी ती फडताळात वरच्या फळीवर ठेवली आणि वहिनींना बजावलं, सुईला अजिबात हात लावायचा नाही, टोक इतकं बारीक आहे की बोटाच्या वाऱ्यानेही मोडेल. वहिनी म्हणाल्या, मी कशाला हात लावते.

सोमवारी मीही मुंबईला होते, दुसरा माल पोचवायला. डॉक्टरीणबाईंनी दादांना आणि मला टोपी-झगा घालून आत बसू दिलं. वहिनी शेजारच्या खोलीत अर्धवट गुंगीत होत्या. तीन अंडी मिळाली होती. बाईंनी डबी फोडली, सुई बसवली, टोक शाबूत आहे ना ते पाहिलं आणि कामाला लागल्या. समोर टीव्हीवर सगळं दिसत होतं. अंडं पडद्यावर भिजलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं, पांढुरकं, कडेला जरासं पारदर्शक. एका बाजूने बोथट नळीने ते धरलं होतं, दुसऱ्या बाजूने दादांची सुई आली. अंड्याची कड जराशी आत दबली आणि सुई अलगद आत गेली. दादांनी माझ्या बाहीला धरलं. त्यांचा श्वास थांबला होता, आखणीला थांबतो तसा.

सुई बाहेर आली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आतला पांढुरका भाग एका बाजूने काळवंडू लागला, आक्रसला आणि बघता बघता सगळं अंडं बसलं. बाई म्हणाल्या, असं कधीकधी होतं. दुसरं घेतलं. त्याचंही तेच झालं. तेव्हा त्यांनी हात थांबवला, सुई काढून मोठ्या भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. टोकाच्या बरंच मागे, सुईच्या पोकळीत, मागच्या उघड्या तोंडातून शिरलेले पिवळे-लाल कण अडकले होते. टोक पाहताना ते नजरेत येत नव्हते, पण आतला थेंब त्यांच्यावरून वाहत येत होता. बाईंनी विचारलं, हे काय आहे?

मी डबीतल्या उरलेल्या दोन सुया पाहिल्या. त्यांच्यावरही तेच. मग मी पट्टी उचलली. माझी सही तशीच होती, पण पट्टीखालचा डिंक एका बाजूने गेलेला आणि तिथे पट्टी शिताने चिकटवलेली होती. सुकून पिवळं पडलेलं, बोटाने चेंगरलेलं भाताचं शीत. आमच्या प्रयोगशाळेत भात शिजत नाही. मला एका क्षणात सगळं दिसलं. वहिनी देवापुढे डबी ठेवतायत, दरवर्षी कुंचल्याला वाहतात तसं झाकण उघडून चिमूटभर वाहतायत, आणि सुईला बोट लागू नये म्हणून किती जपतायत. रागाने माझे कान तापले. पट्टीवर माझी सही होती. मी तोंड उघडलं.

दादा माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनीही शीत पाहिलं होतं. माझ्या आधी तेच बोलले, "बाई, ती घासायच्या चाकाची लाल पावडर हाय. धुवायला मी विसरलो. चूक माझी हाय."

आमच्या चाकाला लाल पावडर लावतच नसत. आम्ही करड्या रंगाची वापरायचो, आणि ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण धुतलेली सुई तपासून पट्टी लावायचं काम माझं होतं. दादाही माझ्याकडे बघत होते. मी खोटं बोलले नाही. मी काहीच बोलले नाही, आणि बाई काय समजायचं ते समजल्या. तिसऱ्या अंड्यासाठी त्यांनी स्वतःकडची सुई घेतली, पण ते अंडं मुळात कच्चंच होतं.

वहिनींना शुद्ध आली तेव्हा तिथल्या नर्सने नको ते बोलून टाकलं, की सुई घातल्याबरोबर अंडी मेली. वहिनींनी दादांना विचारलं, सुईला काय झालं? मी दारात उभी होते. दादा खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "सुई बिघडली माझ्याकडनं. करताना हात हालला, गो." वहिनी त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनीच दादांची समजूत घातली, की असूं दे, माणसाचा हात हाय.

परतीच्या एस.टी.त वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. मी मागच्या सीटवर दादांच्या शेजारी बसून हळू आवाजात भांडले. म्हटलं, डॉक्टरला पावडर सांगितलीत आणि हिला हात का? म्हणाले, लाल पावडर म्हटलं तर तिला कुंकू आठवेल. म्हटलं, मग देवाची मर्जी म्हणायचं होतं. पेण जवळ आलं तेव्हा कुठे दादा म्हणाले, "बाय, तिनं देवाला पुजून सुई दिली. देवाची मर्जी म्हटलं तर मूलही गेलं आणि देवही गेला. आता तिच्याकडं दुसरं हाय काय?" पेणला उतरताना त्यांनी वहिनींना दंडाला धरून अलगद उतरवलं.

मी सरांनाही सांगितलं नाही. तपासताना माझ्याकडून राहिलं, एवढंच म्हटलं. पुढचे काही महिने सर माझ्या डब्या पुन्हा उघडून बघत होते, तेवढं मी सोसलं.

सत्त्याण्णवच्या आखणीला मी पेणला गेले तेव्हा बाबाजीशेठ डोक्याला हात लावून बसले होते. हिरामण आखणीला बसायला तयार नव्हता. मी दादांना गाठलं. आढेवेढे घेत त्यांनी सांगितलं. झालं असं होतं, की शिमग्याच्या सुमारास ते तुळशीच्या कट्ट्यावर रंगाच्या रेघा मारत होते आणि वहिनी शेजारी बसून बघत होत्या. सरळ, एकसारख्या रेघा. वहिनी म्हणाल्या, "हात तर तुमचा बरा हाय." एवढंच. पण म्हणताना त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्या कितीतरी वेळ विचार करत बसल्या. हात बरा असेल तर मग त्या दिवशी झालं काय, हा प्रश्न त्या आठीत होता. तो प्रश्न पुढे गेला असता तर सुईपर्यंत, डबीपर्यंत आणि शितापर्यंत गेला असता. दादांनी पुढची रेघ वाकडी मारली. दुसऱ्या दिवशी चहाची बशी हातात खळखळू दिली. हळूहळू घरात सगळ्यांना माहीत झालं की हिरामणचा हात गेला. आखणी सुटली ती अशी.

मी त्यांना वेडं म्हटलं. गणपतीचे डोळे काढणारा माणूस आयुष्यभर चहा सांडणार? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. दादा म्हणाले, डोळे काय, दुसरा कोणी काढील. वहिनी त्या वर्षीही सवयीने कुंचला देवापुढे ठेवायला गेल्या होत्या, मग पदरात गुंडाळून फडताळात ठेवून आल्या. दादांनी ते बघितलं होतं. एवढं सांगून मात्र ते उठून गेले.

रोह्याला हात ठीक होता. सकाळच्या पॅसेंजरने यायचे, झगा घालायचे, श्वास सोडायचे आणि सुया करायचे, पूर्वीइतक्याच सुरेख. घरी सांगितलं होतं की आता नुसत्या नळ्या धुतो. मला वाटायचं, निदान इथे तरी हा माणूस आपला हात घेऊन बसतो. अडतीस किलोमीटरवर पेण, आणि मधल्या त्या गाडीत कुठेतरी ते हात बदलून घेत असणार, असं मी गमतीने म्हणायचे. ते हसायचे.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांच्या टेबलावरून काच तुटल्याचा बारीक आवाज आला. मग पुन्हा. असा आवाज त्यांच्या टेबलावरून यायची सवय नव्हती. मी वळून पाहिलं तर भिंगाखाली सुईचं टोक थरथरत होतं. मी वैतागले. म्हटलं, दादा, इथे वहिनी नाहीत, इथे कशाला नाटक करताय?

ते हाताकडे बघत होते. म्हणाले, "नाटक नाय करत, बाय."

सरांनी त्यांना मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, नसांचा काही आजार असू शकेल, आधीपासून आत असेल, असंही होतं. असेल. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, खोटा हात धरून धरून खरा हात जातो असं मी कुणाला सांगणार नाही. पण मला तेच वाटतं. सरांनी त्यांना नळ्या धुवायला ठेवायची तयारी दाखवली. दादांनी काही दिवस तेही केलं, मग येणं सोडलं. घरी जे खोटं सांगितलं होतं ते शेवटी खरं करून गेले. त्यानंतर बाबाजीशेठच्या कारखान्यात ते मूर्तींच्या पेट्यांत पेंढा भरायला जाऊ लागले. पेंढ्याला थरथरता हात चालतो.

नव्याण्णवच्या गणपतीला मी नेहमीसारखी पेणला गेले. धोंडुबाई वारल्या होत्या, घरात दोघंच. मखरातल्या गणपतीचे डोळे नव्या माणसाने आखलेले होते, एक जरा मोठा, एक जरा लहान. वहिनी म्हणाल्या, बघ ना, देव आमच्याकडं तिरका बघतो. मग त्या दादांना म्हणाल्या, आज चहा तुम्ही करा. एरवी त्या त्यांना चुलीपाशी जाऊ देत नसत. दादा आत गेले. वहिनी माझ्याजवळ सरकल्या. त्यांनी आवाज इतका बारीक केला की मला वाकावं लागलं.

"बतूल, तू शिकलेली हायस आणि तू खोटं बोलत नायस. म्हणून तुला विचारते. त्या सुया घरी होत्या ना, तवा रविवारी पूजेला मी डबी उघडली. त्यांच्या कुंचल्याला वाहते तसं हळदकुंकू वाहिलं. हात नाय लावला, नुसतं वरून वाहिलं. त्यानं सुई बिघडते का गो?"

आत स्टोव्हचा आवाज येत होता. मी गणपतीच्या त्या लहानमोठ्या डोळ्यांकडे पाहिलं. आयुष्यभर जे दिसलं ते बोलले, त्याने किती जण दुखावले ते मोजलं नाही. चांगुणावहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि मी जे म्हणेन ते त्या उरलेल्या जन्मात धरून बसणार होत्या.

मी म्हटलं, "नाही वहिनी. सुई काचेची. कुंकवाने काचेला काही होत नाही. दादांचा हातच हलला होता. मी भिंगातून पाहिलंय."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ पदराचं टोक तोंडाशी धरून बसल्या, आणि त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं ते मला दिसलं. मग म्हणाल्या, "त्यांना नाय सांगितलं मी कधी. कुंकू वाहूनसुदा हात हालला, म्हंजे देवानंही त्यांचा हात धरला नाय, असं त्यांच्या मनात येईल. आधीच किती सोसलंय त्यांनी. तूही नको सांगूस."

मी नाही सांगणार म्हटलं. रडू मला एकटीलाच आलं.

दादा ताटात चहा घेऊन आले. तिन्ही कप बशांवर खळखळत होते. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जरा थांबले आणि वहिनींच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मधली भिंत पातळ कुडाची होती, आणि स्टोव्ह केव्हाचा बंद झाला होता. मी मान हलवली, नाही सांगितलं म्हणून. तेवढ्यात वहिनी उठल्या. आणा इकडं, सगळा सांडवलात, असं म्हणत त्यांनी ताट काढून घेऊन खाली ठेवलं आणि दादांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून पदराने पुसला. पुसून झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. हात त्यांच्या हातांत हलत होता.

"चहा घे, बाय," दादा मला म्हणाले. अर्धा चहा बशीतच होता. मी तो बशीनेच प्यायले.